ज्याचं काम त्याच्या हाती: माणसांचे गुण ओळखून काम कसं घ्यावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूर परिसरातल्या हिंगणा आणि बुटीबोरीतले सुपरवायझर, मिहानमधले टीम लीड, इतवारी-गांधीबागेतले दुकानमालक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. जिथे घोळ जास्त होतो तिथे उत्तर लांब आहे, बाकी ठिकाणी दोन-चार ओळींत भागवलं आहे.

माणूस पाहूनच काम देतो आम्ही. यात नवीन काय?

बहुतेक ठिकाणी माणूस एकदाच पाहिला जातो, भरतीच्या दिवशी. बी.कॉम. झालेला अकाउंट्सला, आयटीआयवाला मशीनवर, बोलका असला की सेल्सला. त्यानंतर पाच वर्षं कोणी पुन्हा बघत नाही. गुण लक्षात आलाच तर अप्रेझलमध्ये दोन ओळी कौतुकाच्या लिहिल्या जातात आणि सोमवारपासून काम तेच. कौतुकाला पैसे लागत नाहीत, म्हणून ते होतं. कामाची वाटणी बदलायची तर कुणाला तरी नाराज करावं लागतं, म्हणून ती राहून जाते. मात्र वाटणी हलली नाही तर गुण ओळखून काहीच साधत नाही.

गुण ओळखायचा कसा?

काम चालू असताना, जवळ उभं राहून. केबिनमध्ये बसून आकडे पाहिले तर अर्धंच दिसतं.

कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमधला वायरिंगच्या टेबलावरचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. बाकीच्यांचं पॅनेल दुपारी उरकतं, याचं संध्याकाळी. सुपरवायझरच्या वहीत शेरा एकच: ‘स्लो’. आता तो काय करतो ते बघा. वायर कापायच्या आधी ड्रॉइंगवर बोट फिरवत सगळे नंबर एकदा वाचून घेतो. लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा, दाबून बसवला की वायर हलकेच ओढून पाहतो. डक्टचं झाकण लावायच्या आधी पुन्हा एकदा वरून खाली नजर टाकतो. आणि जाता-जाता शेजारच्याच्या पॅनेलमधल्या फेरूलकडे, म्हणजे वायरवरच्या नंबरच्या रिंगकडे, पाहून म्हणतो, “भाऊ, फेरूल उलटा घातला ना तू. सोळाचा एक्याण्णव झाला बे.” पोरं वैतागतात. पण हा मुलगा टेस्टिंगला बसला, तर साइटवर जाऊन सापडणारी चूक वर्कशॉपमध्येच सापडेल. वायरिंगच्या टेबलावर जो त्याचा दोष ठरला होता, त्याचाच टेस्टिंगला पगार द्यावा लागतो.

कुठे बघायचं, तर न सांगता तो काय करतो. अडलं की बाकीचे कुणाकडे जातात; हे पद पाहून होत नाही, त्यामुळे ही खूण फार खरी असते. नवीन गोष्ट एकदा दाखवली की कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. दिवस संपताना कोणत्या कामातून माणूस ताजा उठतो आणि कोणत्या कामातून पिळून निघतो. शेवटची खूण लोक विसरतात: त्याची नेहमीची तक्रार काय असते. ‘स्टोअरमध्ये काही जागेवरच नसते’ असं रोज चिडून म्हणणाऱ्या माणसाला बहुधा ते जागेवर लावता येतं. बाकीच्यांना तो पसारा दिसतच नसतो.

दोन-तीन आठवडे वहीत नुसतं टिपून ठेवा. ‘मेहनती आहे’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ‘ट्रान्सपोर्टवाला अडून बसला होता, याने फोनवर दहा मिनिटांत गाडी मिळवली’ असं लिहा.

विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, “काहीही द्या सर, होऊन जाईल.” मग काय करायचं?

हे उत्तर आपल्याकडे शिष्टाचाराचा भाग आहे. ‘मला हे चांगलं जमतं’ म्हणणं म्हणजे शेखी मिरवणं, आणि ‘हे जमत नाही’ म्हणणं म्हणजे नोकरीशी खेळ. त्यामुळे ‘तुमची स्ट्रेंग्थ काय?’ हा प्रश्न मुलाखतीतही फुकट जातो. तिथे सगळे ‘हार्डवर्किंग’च असतात.

घडलेल्या कामाबद्दल विचारा. मागच्या आठवड्यात कोणतं काम वाटलं त्यापेक्षा लवकर झालं? कोणतं काम सारखं उद्यावर ढकललं गेलं? सुट्टीवर गेलात तर कोणत्या कामासाठी ऑफिसमधून फोन येईल? हे केबिनमध्ये बोलावून विचारलं की माणूस सावध होतो. टपरीवर, तर्री-पोह्यांची प्लेट हातात असताना हेच प्रश्न विचारले की उत्तरं वेगळी येतात. नंतर मात्र ते बोलणं त्याच्याविरुद्ध वापरलं, तर पुढची पाच वर्षं तुम्हाला ‘होऊन जाईल’च ऐकायला मिळेल.

ऑनलाइन टेस्ट घ्यावी का? एचआर मागे लागलं आहे.

घ्या, बोलणं सुरू करायला उपयोग होतो. भरती, बढती किंवा इन्क्रिमेंट मात्र तिच्यावर ठरवू नका.

सध्या जास्त चालते ती गॅलप या अमेरिकी कंपनीची क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामावर ती उभी आहे. विधानांच्या 177 जोड्या, प्रत्येक जोडीला 20 सेकंद, आणि शेवटी 34 गुणांची तुमच्यापुरती क्रमवारी. तिला पैसे पडतात. व्हीआयए ही दुसरी, ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांनी 2004 मध्ये मांडलेल्या 24 स्वभावगुणांवर आधारलेली. ती फुकट भरता येते. तिच्यात धैर्य, जिज्ञासा, कृतज्ञता असे गुण येतात, म्हणजे माणूस कसा आहे याकडे कल जास्त. डिस्पॅचला कोण बसवावा हे ती सांगणार नाही.

एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) या तिसऱ्या चाचणीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. माणसांचे 16 प्रकार पाडायचे आणि प्रत्येकाला चार अक्षरी बिल्ला लावायचा, हे ट्रेनिंगच्या दिवशी मजेशीर वाटतं. पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. भरतीसाठी ती वापरू नये, असं ती विकणारी कंपनीही सांगते. तरी आपल्याकडे बायोडेटावर ते चार अक्षरी लेबल लिहून येणारे उमेदवार आहेत.

चाचणीचा निकाल वाचून ‘अगदी मीच!’ असं वाटणं हा पुरावा नसतो. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं स्वभाववर्णन’ म्हणून कागद दिला. हे वर्णन कितपत जुळतं, असं विचारल्यावर विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. कागद सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली वाक्यं त्याने राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती.

म्हणून टेस्टचा कागद आणि तुमची वही शेजारी ठेवा. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली तर ती धरून चला. दोन्ही वेगळं सांगत असतील तर वहीवर विश्वास ठेवा.

कमकुवत बाजूंकडे दुर्लक्ष करायचं का मग?

नाही. सेफ्टी, हिशेबातला खरेपणा, वेळेवर येणं आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची रीत, या चार गोष्टींत कुणालाही सूट नाही. हेल्मेट न घालणारा फिटर कितीही हुशार असो, त्याला गेटबाहेर ठेवा.

बाकी उणिवांना एकच प्रश्न लावा: ही उणीव त्याच्या कामाच्या आड येते का? स्टोअरकीपरला प्रेझेंटेशन जमत नाही, तर त्याला पब्लिक स्पीकिंगच्या कोर्सला पाठवून दोघांचाही शनिवार का वाया घालवायचा? उणीव आड येत असेल तर आधी साधा उपाय बघा. विसरभोळ्याला चेकलिस्ट. इंग्रजी ईमेलला घाबरणाऱ्याला पाच तयार मसुदे. गिऱ्हाईक खेचून आणणारा पण कागदपत्रांत ढिला, अशा सेल्समनच्या जोडीला कोटेशन आणि ई-वे बिल चोख ठेवणारा माणूस. जोडी लावलीत तर इन्सेंटिव्हही दोघांत वाटा. सगळं श्रेय सेल्समनने नेलं तर ती जोडी तीन महिन्यांत फुटते.

आमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर आम्ही सुपरवायझर केला. चांगला ऑपरेटर गेला आणि सुपरवायझर काही मिळाला नाही. असं का होतं?

नागपुरातला हा बहुधा सगळ्यात महागडा घोटाळा, आणि तो चांगल्या हेतूने होतो. माणूस चांगला आहे, त्याला वर न्यायचंय, आणि वर जायचा जिना एकच आहे: दुसऱ्यांवर देखरेख.

लॉरेन्स पीटर यांनी 1969 मध्ये हे गमतीगमतीत मांडलं होतं: माणूस बढत्या घेत घेत अशा खुर्चीपर्यंत जातो जिथलं काम त्याला जमत नाही, आणि तिथेच राहतो. त्यातली गंमत पुढे आकड्यांत दिसली. अमेरिकेतल्या 131 कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या 2005 ते 2011 च्या नोंदी तीन अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याची विक्री जास्त त्याला मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल होता. पण विक्रीत जितका अव्वल, तितका तो मॅनेजर म्हणून सरासरीने कमी पडला. त्याच्या हाताखालच्यांची विक्री घसरली. उलट, ज्यांनी आधी सौदे दुसऱ्यांसोबत मिळून केले होते आणि श्रेय वाटून घेतलं होतं, ते मॅनेजर म्हणून चांगले निघाले. बढती देताना कंपन्या याच गोष्टीकडे कमी बघत होत्या.

शॉप फ्लोअरवर याचा अर्थ सरळ आहे. मशीनवर कोण पहिला, हे बढतीसाठी बघू नका. नवीन हेल्परला मशीन कोण शिकवतो ते बघा. आणि कायमचं पद देण्याआधी चार्ज देऊन पाहा. एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई आणि सुट्ट्यांमुळे अर्धे सुपरवायझर गावी असतात. त्या पंधरा दिवसांत कुणाच्या शिफ्टला आवाज न चढता काम निघतं, ते आपोआप दिसतं.

दुसरा उपाय मालकांना आवडत नाही, पण त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. देखरेख न करताही पगार आणि मान वाढेल असा दुसरा जिना बांधा. सीनिअर ऑपरेटर, मास्टर वेल्डर, नाव काहीही द्या, पण पगार सुपरवायझरच्या बरोबरीला जाऊ द्या. आणि ज्याला आधीच चुकून वर चढवलं, त्याला परत यायला मानाची वाट ठेवा. ‘डिमोशन’ हा शब्द एकदा कँटीनमध्ये पोहोचला की माणूस दुसऱ्या कंपनीत जाईल, पण मशीनवर परत येणार नाही.

बाकीचे म्हणतात, “त्यालेच चांगलं काम, आमच्या वाट्याले कचरा.” काय उत्तर द्यावं?

उत्तर देण्याआधी ते खरं आहे का ते तपासा. बऱ्याचदा असतं. कुणालाच नको असलेली कामं प्रत्येक ठिकाणी असतात: स्टॉकची मोजणी, रविवारची शिफ्ट, मार्चएंडच्या फायली. ती गुणांनुसार वाटू नका, पाळीने वाटा, आणि पाळीत लाडक्याचंही नाव असू द्या. पाळीचा तक्ता भिंतीवर दिसला की निम्मी कुरकुर तिथेच थांबते. उरलेलं काम गुण पाहून.

“बायकांना अशी कामं छान जमतात” असं म्हणून आम्ही काही कामं मॅडमना देतो. तेही गुण ओळखणंच झालं ना?

नाही. तुम्ही माणूस पाहिलाच नाही, गट पाहिला. रिसेप्शन, वाढदिवसाचा केक, पाहुणे आले की चहापाणी, मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहून घेणं, ही कामं मॅडमकडे गेली ती जमतात म्हणून की त्या नाही म्हणत नाहीत म्हणून? कापडाच्या होलसेल दुकानात बिलिंगला बसलेली बाई कधी कधी उधारी वसुलीत सगळ्यांच्या वर निघते. गिऱ्हाईक न तुटता पैसे आणते, कारण कुणाचं लग्नकार्य झालं, कुणाचं सोयाबीन विकलं गेलं, हे तिच्या डोक्यात असतं. तिला वसुली दिली, तर कमिशनही वसुलीवाल्याचंच द्या.

हीच कसोटी आडनावाला आणि गावाला लावा. आडनाव वाचून ‘हिशेबात पक्का असेल’ म्हणणारे मालक आपल्या शहरातही आहेत. ‘हे मी त्याला करताना पाहिलं आहे का?’ याचं उत्तर नाही आलं, तर तो तुमचा समज आहे.

मीटिंगमध्ये काहीच न बोलणाऱ्याचा गुण कसा कळणार?

मीटिंगमध्ये बोलणं हे वेगळंच काम आहे; त्यात चांगला असलेला बाकी कामांतही चांगला असतो असं नाही. मिहानमधल्या आयटी ऑफिसांत फाडफाड इंग्रजीला हुशारी समजलं जातं, आणि वणी किंवा गोंदियाहून आलेला मुलगा उत्तर माहीत असूनही गप्प बसतो. कारखान्यात बालाघाट-छिंदवाड्याकडचा कामगार मराठी मीटिंगमध्ये मुका होतो. विषय आदल्या दिवशी सांगा, उत्तर लिहून किंवा व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करून आलं तरी चालेल म्हणा. हिंदीत बोलला तर हिंदीत ऐका.

एखादा गुण जास्तही होतो का?

होतो. बारीक बघणारा माणूस डिस्पॅच अडवून धरतो, सगळ्यांना सांभाळून घेणारा कुणालाच नाही म्हणू शकत नाही, झटपट निर्णय घेणारा दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. तिखट सावजी रश्शाची शोभा असलं तरी ते खिरीत घालत नाहीत. गुणालाही कामाची जागा लागते. अशा माणसाला ‘स्वतःला बदल’ असं सांगण्यापेक्षा हद्द सांगा: “टेस्टिंगमध्ये तू म्हणशील ते खरं. पण गाडी पाचला सुटणार; जे उरेल ते पंच-लिस्टमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, लिही.”

एक्सेल एकालाच येतं म्हणून सगळे रिपोर्ट त्याच्याकडेच. हे बरोबर आहे का?

हे गुणाचा उपयोग करणं नव्हे, गुणाची शिक्षा आहे. त्याचं मूळ काम मागे पडतं, तो आजारी पडला तर रिपोर्ट बंद, आणि दोन वर्षांनी तो ‘मला येत नाही’ म्हणायला शिकतो. त्याच्याकडून काढून घ्यायची कामं आधी ठरवा, मग नवीन द्या. जोडीला एकाला शिकवू द्या, आणि तो वेळ कामाचाच वेळ म्हणून मोजा.

आमच्याकडे बेल कर्व्ह आहे. एवढ्या जणांना खालचं रेटिंग द्यावंच लागतं. तिथे गुणांचं काय घेऊन बसलात?

मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड नोव्हेंबर 2013 मध्ये बंद केली. तुमच्या कंपनीने केली नसेल तर टीम लीड म्हणून तुमच्या हातात ती नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की रेटिंगचं बोलणं आणि कामाच्या वाटणीचं बोलणं एकाच दिवशी करू नका. आकडा ऐकल्यावर माणसाला पुढचं काही ऐकू येत नाही.

सगळं शिकवलं, मोठा केला, आणि पुण्याला निघून गेला तर?

जाईल. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू इथला पगार बुटीबोरी देणार नाही, हे मान्य करूनच बोलू.

विदर्भाच्या क्रिकेटकडे बघा. 2018-19 च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध विदर्भाच्या डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने 11 बळी घेतले. चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच हाती लागला, आणि सामनावीरही तोच. 2024-25 च्या अंतिम सामन्यात तोच सरवटे त्याच जामठ्यावर केरळच्या बाजूने विदर्भाविरुद्ध उतरला आणि 79 धावा काढून गेला. पण त्या मोसमात विदर्भाकडून दुसरा डावखुरा फिरकीपटू, हर्ष दुबे, 69 बळी घेत होता. एका रणजी मोसमातला तो विक्रम ठरला आणि करंडक विदर्भाकडे आला. गेलेल्याची जागा भरणारा आधीपासून संघात होता, त्याच्या हातात चेंडू दिला जात होता.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कोण, हे आजच ठरवा आणि महिन्यातून दोन-तीन दिवस काम प्रत्यक्ष त्याच्याकडून करून घ्या. जाणाऱ्याशी भांडू नका. पुण्यातून वर्षा-दोन वर्षांत घरच्यांसाठी परत येणारे खूप असतात, आणि ते आधी ओळखीच्या दारी येतात.

दहाच माणसं आहेत. इथे कुठली वाटणी बदलणार?

लहान ठिकाणी हे उलट सोपं जातं, कारण सगळे एकमेकांचं काम बघत असतात. एका कागदावर दुकानातली सगळी कामं लिहा, माणसांची नावं न घालता. शटर उघडणं, माल उतरवून घेणं, बिलं, उधारी, रडणाऱ्या गिऱ्हाइकाला शांत करणं, टॅली. मग प्रत्येकाला दोन कामांवर खूण करू द्या: एक हवंसं, एक नकोसं. एकाचं नकोसं दुसऱ्याला हवंसं असतं हे पाहून मालकांनाच नवल वाटतं. ज्या कामावर कुणाचीच खूण नाही ते पाळीने. मालकाने स्वतःचाही कागद भरावा. हिशेब स्वतःला नकोसा असताना ‘दुसऱ्यावर विश्वास नाही’ म्हणून रात्री अकरापर्यंत बसणारे मालक बरेच आहेत.

माझे सर माझाच गुण ओळखत नाहीत. मी काय करू?

वाट बघू नका. जे काम हवं आहे त्याचा छोटा तुकडा मागून घ्या, मुदत स्वतः सांगा: “सर, या महिन्याचं वेंडर फॉलो-अप मी पाहू का? तीस तारखेला दाखवतो.” काम दिसलं की पुढचं बोलणं सोपं जातं. दोन-तीनदा मागूनही काहीच मिळालं नाही, तर इतर ठिकाणी अर्ज करायला हरकत नाही.

सुरुवात कधी करावी?

मार्चएंडला नको, तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. मेमध्येही नको, पंचेचाळीसच्या उन्हात दुपारच्या शिफ्टला कुणाचाच गुण दिसत नाही, सगळे कूलरच्या समोर. जूनमध्ये पोरांच्या शाळा आणि पेरणीच्या रजा. जुलैचा पहिला आठवडा बरा. मोठी घोषणा, फळ्यावरचा सुविचार वगैरे काही करू नका. एका माणसाचं एकच काम बदला, महिनाभर ठेवा, आणि त्याला आधीच सांगा की जमलं नाही तर जुनी जागा तशीच आहे.